उपलब्ध

२७ डिसेंबर

नाओमीने नाताळची भेट म्हणून ही वही पाठवली. पहिल्या पानावर तिचं अक्षर: "बाबा, रोज लिही. आणि खोटं लिहू नकोस." दहा वर्षांची पोर, पण अटी वकिलासारख्या. रोज लिहिणं जमायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. दुसऱ्या अटीचं बघू.

तर मी ऑर्लँडो पिकेट. वय छत्तीस. धंदा बास्केटबॉल. चौदा वर्षांत सोळा संघ झाले, त्यात पोलंड आलं, लेबनॉन आलं, फिलिपिन्समधला एक पावसाळा आला. सध्या मुक्काम मायनॉट, नॉर्थ डकोटा. इथे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते असं म्हणतात. मी अजून थुंकून पाहिलेलं नाही. आमची ही खालची लीग. वरची लीग म्हणजे जी सगळं जग टीव्हीवर बघतं ती. आमच्यातला प्रत्येक जण वरून बोलावणं येण्याची वाट बघत असतो. माझ्या वयाच्या माणसाने हे वाक्य उच्चारलं की ऐकणारा दचकतो.

आज बसमध्ये सहा तास काढले. गुडघा उतरताना कुरकुरला, चढताना नाही. सामन्यात सात मिनिटं खेळलो. उरलेला वेळ कोच हॅलोरनने मला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि दर विश्रांतीला हातात फळा आणि खडू कोंबला. "तू सांग पोरांना, माझं ऐकत नाहीत." मी चाली काढून दाखवल्या. पोरांनी ऐकलं. हा अपमान करण्याचा नवा प्रकार दिसतोय. खेळवायचं नसेल तर सरळ सांगावं.

३० डिसेंबर

मी आणि टावारिस व्हिटलॉक एका घरात राहतो. संघाने दिलेल्या दोन खोल्या, एक न्हाणीघर, आणि शेगडीच्या चारपैकी दोन चुली बंद. टॅव्ह सव्वीसचा आहे, आमच्या संघातला सगळ्यात चांगला खेळाडू, आणि मला आजोबा म्हणतो.

आज सकाळी न्हाणीघराचं दार ढकललं तर हा टबच्या काठावर बसलेला, डावा पाय बर्फाच्या बादलीत.

"काय झालं?"

"काही नाही आजोबा. गरम होत होतं."

बाहेर उणे चोवीस. मी खाली बसून पाऊल हातात घेतलं. बाहेरच्या बाजूच्या हाडावर बोट टेकवलं तर पठ्ठ्याचे डोळे पांढरे झाले.

"किती दिवस?"

"तीन आठवडे. ट्रेनरला सांगितलंस तर बघ. पाच तारीख जवळ आलीय."

पाच जानेवारीपासून वरचे संघ खालची माणसं दहा दहा दिवसांच्या करारावर उचलतात. कुणाचा खांदा निखळतो, कुणाची मांडी आखडते, आणि त्यांना दहा दिवसांपुरता माणूस लागतो. दहा दिवसांत चमकलास तर आणखी दहा. नाहीतर परत बसमध्ये. मला असे दहा दिवस एकदा मिळाले, अकरा वर्षांपूर्वी. एकूण अकरा मिनिटं खेळलो आणि चार गुण केले. तेव्हा माझी मांडी फाटलेली होती आणि ते फक्त संघातल्या मॅडॉक्सला माहीत होतं, कारण मी त्याच्या खोलीत राहत होतो. वरच्यांनी त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, घोडा आहे घोडा. त्याने तसं म्हटलं नसतं तर माझ्या आयुष्यात ती अकरा मिनिटंही नसती.

"मी काही पाहिलं नाही," असं टॅव्हला सांगून मी दात घासले.

१ जानेवारी

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी खाल्ली नाही तर माझी आई थडग्यातून उठून येईल. इथल्या दुकानात चवळी मिळाली. सोबत पाहिजे होता तो पाला नाही, म्हणून कोबीवर भागवलं. डुकराच्या तंगडीबरोबर तीन तास शिजवली. टॅव्ह दोन ताटं जेवला. म्हणाला, "आजोबा, नशीब उघडणार असेल तर तिसरंही घेतो."

श्रीव्हपोर्टला घरी फोन लावला. रोशेलनेही चवळीच केली होती. आमचं लग्न बारा वर्षांचं, पण एका छताखालचे दिवस मोजले तर चार वर्षं तरी भरतील की नाही शंका आहे.

"या वेळी पाच तारखेला काही झालं नाही, तर?" तिने विचारलं.

"एकदाच व्हायला हवं. नाओमीला बघू दे. ती जन्मायच्या आधीचं सगळं तिला गोष्टच वाटते."

"तिला तुझे गुण नकोयत, ऑर्ली. मे महिन्यात शाळेचा क्रीडादिन असतो, तिथे बाप हवाय. दर वर्षी तू कुठल्यातरी देशात असतोस."

"पुढच्या वर्षी."

ती हसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ही वही खरं मागते म्हणून लिहितो: मला आणखी एकदा वर जायचंय, आणि ते नाओमीसाठी आहे असं मी म्हणतो.

३ जानेवारी

आला. निरोप आला!

दुपारी सरावानंतर फोन बघितला. हॉवर्ड स्ट्रँड. वरच्या एका संघाचा उपव्यवस्थापक, खेळाडू उचलायचे निर्णय त्याच्याच हातात. शब्दन् शब्द उतरवून ठेवतो: "पिकेट, पाच तारखेला सकाळी उपलब्ध आहेस का? दहा दिवसांच्या कराराबद्दल बोलायचं आहे."

आमच्या धंद्यात "उपलब्ध" शब्दाला एकच अर्थ आहे. कुणाच्या करारात अडकलेला नाही, सही करायला मोकळा. चौदा वर्षांत हा शब्द मी एजंटाच्या तोंडून हजारदा ऐकलाय: पिकेट उपलब्ध आहे, पिकेट स्वस्तात उपलब्ध आहे, पिकेट अजूनही उपलब्ध आहे. पहिल्यांदाच कुणीतरी मला तो प्रश्न म्हणून विचारला.

मी उत्तर पाठवलं: "पूर्णपणे उपलब्ध." मग शॉवरखाली उभा राहून रडलो. पाणी थंड होतं म्हणून लवकर आटोपलं.

४ जानेवारी

कोणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी दहापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

इथे एक रीत आहे. आमच्या लॉकरवर पितळी पाट्या नाहीत. लायल ऑस्टबी, आमचं सामान सांभाळणारा म्हातारा, घोट्याला बांधायच्या पांढऱ्या पट्टीचा तुकडा फाडतो आणि त्यावर काळ्या शाईने नाव लिहून चिकटवतो. ज्याला वरचं बोलावणं येतं त्याने आपली पट्टी आपल्या हाताने सोलायची आणि कोठीच्या दाराला आतून लावायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्या दारावर चाळीसेक नावं आहेत. काही इतकी जुनी की शाई तपकिरी झालीय.

मी पट्टी सोलली. पोरांनी लॉकर बडवून बडवून गोंधळ घातला. कोणीतरी ओरडलं, "म्हातारा चालला!" दुसरा म्हणाला, "काठी घेतलीस का?" टॅव्हने मला उचलून गरकन फिरवलं, त्या पायावर, आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मी माझे सरावाचे बूट एका पोराला देऊन टाकले. त्याला एक नंबर मोठे होतात, तरी घेतले.

लायल तेवढा गप्प होता. मी दाराला पट्टी लावत असताना म्हणाला, "फोन उद्या आहे ना?"

"हो."

"मग उद्याच लावायची होतीस."

मूळची नॉर्वेची माणसं ही. आनंदालाही कोट घालून बसवतात.

घरी सांगितलं. नाओमी किंचाळली. तासाभरात रोशेलचा निरोप आला की पोरीने अख्ख्या वर्गाला सांगून टाकलंय.

५ जानेवारी

लिहायचं नव्हतं. पण वही उशाशीच होती.

साडेनऊला स्ट्रँडचा फोन आला. आवाज गोड, घाई नाही.

"वेळ दिल्याबद्दल आभार, पिकेट. टावारिस व्हिटलॉकबद्दल जरा बोलायचं होतं. तू त्याच्याबरोबर राहतोस ना?"

मी कोट घालून बसलो होतो. बॅग दाराशी होती. उपलब्ध म्हणजे बोलायला उपलब्ध. पाचवीतल्या पोराने वाचला असता तरी तोच अर्थ काढला असता. तो चुकीचा काढायला चौदा वर्षांचा अनुभव लागतो.

"हो," मी म्हटलं. "राहतो."

माणूस कसा आहे, वेळेवर येतो का, रागावल्यावर काय करतो, खुर्चीवर बसवलं तर तोंड पाडतो का, असं सगळं विचारत गेला. मी खरंखरं सांगितलं. चांगलंच सांगायचं होतं, त्यामुळे जड गेलं नाही. मग म्हणाला, "आणि तब्येत? उद्या दुपारी सही, परवा सामना. आमचे डॉक्टर बघतील, पण वरवर. फोटोबिटो काढायला वेळ नाही. काही माहीत असायला हवं असं आहे का?"

आता खरं लिहितो. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे: सांग. पाय गेलाय त्याचा, सांग. मग त्यांना दुसरा माणूस लागेल आणि फोनवर समोर मी आहे. हे एवढं स्पष्ट मनात आलं की माझी मलाच किळस आली. शेजारच्या खोलीत टॅव्ह अंडी तळत होता आणि गाणं म्हणत होता.

"घोडा आहे घोडा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"तुझ्या शब्दावर जातोय हं."

"जा."

मग म्हणाला, "तू स्वतः काय करतोयस या उन्हाळ्यात?"

"सराव. गुडघा नवा करून येतो."

"अच्छा. आमच्याकडे उन्हाळ्यात एक खुर्ची रिकामी होतेय. तुझ्यासारखा सरळ बोलणारा माणूस कमी मिळतो."

आमच्या खेळात राखीव खेळाडूंचा बाक म्हणजे खुर्च्यांची रांगच. म्हणजे एक जागा होतेय! मी लगेच सांगितलं की माझं वजन चार किलो उतरलंय, लांबून नेम अजून शाबूत आहे. तो हसला. वाईट नाही, पण हसला. "बरं, बोलू," म्हणाला.

फोन ठेवला आणि बाहेर आलो. "अंडी घे आजोबा," टॅव्ह म्हणाला, आणि माझं तोंड बघून चूल बंद केली.

"तुझी बॅग भर," मी म्हटलं.

६ जानेवारी

टॅव्ह सकाळच्या विमानाने गेला. दारात मला मिठी मारून बराच वेळ सोडेना. "तुला विचारलं ना त्यांनी? पायाचं?" मी म्हटलं, "विमान सुटेल."

सरावाला गेलो. कोणी काही बोललं नाही, त्यापेक्षा बोलले असते तर परवडलं असतं. त्या पोराने माझे बूट पुसून माझ्या खुर्चीवर ठेवले होते. लॉकरवर नावाच्या जागी चिकटलेल्या गोंदाचा पट्टा. लायल शाई घेऊन आला आणि नवी पट्टी लिहिली. दारावरची परत आणायची नसते, तो अपशकुन.

"स्पेलिंग तेच ना?" म्हणाला.

नाओमीला कालच फोनवर सांगितलं की बाबाने निरोप नीट वाचला नाही. ती म्हणाली, "मला पण उतारा वाचून समजण्यात मार्क कमी पडतात." मग वर्गाला काय सांगू, असं तिने विचारलं नाही. मला ते रात्रभर ऐकू येत होतं.

रोशेलला सगळं सांगितलं. खुर्चीचंही. "उन्हाळ्यात जागा होतेय म्हणाला, म्हणजे दार बंद नाही," मी म्हटलं. "सरळ बोलणारा माणूस कमी मिळतो, असंही म्हणाला."

"असं म्हणाला? अगदी हेच शब्द?"

"हेच."

"आणि तू काय म्हणालास?"

"वजन उतरलंय म्हटलं."

ती इतका वेळ गप्प बसली की फोन कटला असं मला वाटलं. मग म्हणाली, "जेवलास का?"

९ जानेवारी

लायलच्या घरी सामना बघितला. त्याच्या बायकोने खिमा-बटाट्याची हॉटडिश केली होती. टॅव्ह चौदा मिनिटं खेळला, अकरा गुण! एकदा तर दोघांच्या मधून असा निसटला की लायल खुर्चीतून उठला. लायलला उठताना मी पहिल्यांदाच बघितलं. मी मात्र त्याचा डावा पाय बघत होतो. उडी मारून तो उजव्यावरच उतरत होता. दर वेळी.

११ जानेवारी

टॅव्हचा सहावा दिवस. तिसऱ्या भागात तो उडी मारून उतरला, या वेळी डाव्यावर. कोणी धक्का दिला नव्हता. तो पडला आणि मग पायाकडे न बघता वर छताकडे बघत राहिला. समालोचक म्हणाला की अशा जागी हाड एकदम मोडत नाही, आधी बरेच दिवस चीर असते.

टीव्ही बंद केला. चुलीवर दूध होतं ते उतू गेलं.

१३ जानेवारी

टॅव्हचा फोन आला. पायात दोन स्क्रू घातलेत. नऊ महिने तरी घरी, आणि नंतरचं कोणी सांगत नाही. मी म्हटलं, "मी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर जन्मात तोंड बघितलं नसतं तुझं. माझी आई आली होती आजोबा. तिसऱ्या रांगेत. ओरडून ओरडून घसा बसला तिचा."

"पाय गेला, टॅव्ह."

"माहितीय. माझाच आहे."

तो रडत होता की नाक ओढत होता, मला कळलं नाही. मला मॅडॉक्सची आठवण झाली. माझी मांडी त्या दहा दिवसांनंतर कधीच पहिल्यासारखी झाली नाही. अकरा वर्षं मी त्याला मनातल्या मनात धन्यवाद देतोय. आज पहिल्यांदा वाटलं की त्यालाही कधी झोप लागली नसेल.

१९ जानेवारी

सरावानंतर कोचने त्याच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. हॅलोरन दार लावतो तेव्हा कुणीतरी घरी जातं. मी बूट काढूनच गेलो होतो.

"बस. स्ट्रँडचा फोन होता मला," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल."

"त्या खुर्चीचं?"

कोचने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एखाद्या पोराकडे बघतो, जो चाल समजावून सांगितल्यावरही उलट्या बाजूला पळतो.

"ऑर्लँडो, ती खुर्ची खेळाडूची नव्हती. माझ्यासारख्याची होती. खेळाडू पारखायचे, पोरांना शिकवायचं. मी तुझ्या हातात फळा कशाला देत होतो महिनाभर? त्याने नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणालाच विचारलं होतं तुझ्याबद्दल. मी म्हटलं, पिकेट शिकवतो छान, आणि खोटं बोलत नाही."

मी टेबलावरचा त्याचा फळा उलटा करून ठेवला.

"आता त्याला एकच गोष्ट हवीय," कोच म्हणाला. "व्हिटलॉकचा पाय दुखतोय हे तुला माहीत होतं का. माहीत नव्हतं असं मी त्याला सांगितलं तर तो ऐकेल. त्याला ऐकायचंच आहे. घर, शाळा, एक गाव, सगळं मिळेल तुला. तर सांग. माहीत होतं?"

खिडकीबाहेर बर्फ साफ करणारी गाडी मागेपुढे करत होती. माझ्या पायांत नुसते मोजे होते आणि फरशी गार होती. एक गाव, असं तो म्हणाला. रोशेल त्या दिवशी गप्प का झाली ते मला आत्ता कळलं. ती पंधरा दिवस हे एकटीने धरून बसली होती.

फोनवर खरं बोलण्यात माझा फायदा होता, म्हणून मला ते बोलता आलं नाही. आता खोटं बोलण्यात फायदा होता.

"माहीत होतं," मी म्हटलं. "आठवडाभर आधीपासून."

कोचने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी हे ऐकलं नाही असं समजू?"

"नको."

"त्याच्यासाठी केलंस?"

"तसं वाटलं होतं."

तो बराच वेळ चष्म्याच्या काड्या उघडझाप करत बसला. मग म्हणाला, "उद्या बस सातला आहे." मी बाहेर येऊन बूट घातले.

२३ जानेवारी

टॅव्ह त्याचं सामान न्यायला आला, कुबड्यांवर. आल्या आल्या म्हणाला, "आजोबा, आता आपण दोघंही सारखेच चालतो." त्याची पट्टी अजून लॉकरवरच होती. घाईत गेला तेव्हा सोलायची राहिली, आणि दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. आज त्याने स्वतः सोलली. एका कुबडीवर तोल सांभाळत कोठीच्या दारापाशी गेला आणि माझ्या नावाशेजारी लावली.

मला ते बघवेना. मी माझी पट्टी काढायला नख लावलं. "मी गेलोच नाही कुठे," मी म्हटलं.

"राहू दे," लायल म्हणाला. "कोण कुठे गेला ते त्यावर लिहिलेलं नसतं."

टॅव्हची गाडी वळेपर्यंत मी दारात उभा राहिलो. मग घरी फोन केला. रोशेलला कोचच्या खोलीतलं सगळं सांगितलं, "माहीत होतं" या दोन शब्दांसकट. ती म्हणाली, "ठीक आहे." आणि थोड्या वेळाने परत, "ठीक आहे, ऑर्ली." मग नाओमीने फोन ओढून घेतला.

"बाबा, शाळेतून फॉर्म आलाय. क्रीडादिनाचा. दर वर्षी येतो तो. मदतीला पालक उपलब्ध आहेत का, हो की नाही, खूण करा. आई म्हणते तुला विचार."

मे महिन्यासाठी मला मनिलाच्या एका संघाकडून विचारणा आहे. एजंटाला आज रात्रीपर्यंत कळवायचं होतं.

"तारीख नको का बघायला?" नाओमी म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "हो कर."